शिष्यवृत्ती आणि पगार: एकाच उन्हाळ्याचे दोन चेक

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भाचीने व्हॉट्सॲपवर दोन कागदांचे फोटो पाठवले. एक वृत्तपत्राकडून आलेली शेवटची पे-स्लिप, दुसरं शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं पत्र. खाली लिहिलं होतं, "मावशी, हे दोन्ही स्कॉलरशिपचेच पैसे ना गं? कॉलेजला काय कळवू?" ती न्यू जर्सीत, एडिसनला वाढलेली. उन्हाळाभर एका वृत्तपत्राच्या अर्थविभागात बातम्या लिहून आली होती. तिचा गोंधळ मला पूर्ण समजला, कारण अशा कार्यक्रमांच्या जाहिरातीत 'इंटर्नशिप आणि स्कॉलरशिप' हे शब्द एका दमात येतात आणि वाचणाऱ्याला ती एकच गोष्ट वाटते.

त्याचं मराठी करायला गेलं की गुंता आणखी वाढतो. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला पाचवी-आठवीची परीक्षा आठवते, माझ्या पिढीला चौथी-सातवीची. विद्यावेतन म्हटलं की आयटीआय करून कारखान्यात लागलेला अप्रेंटिस किंवा सरकारी रुग्णालयातला इंटर्न डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडच्या १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात कलम १८ स्पष्ट सांगतं की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. त्यामुळे विद्यावेतन म्हणजे 'शिकताना हातखर्चाला मिळणारे पैसे' ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली असते. अमेरिकेतल्या वृत्तपत्राची पेड इंटर्नशिप या समजुतीत बसत नाही. तिथे दर आठवड्याला हातात पडतो तो सरळ पगार असतो.

डाऊ जोन्स न्यूज फंडाचं उदाहरण घेऊ, म्हणजे दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतील. वॉल स्ट्रीट जर्नलच्या बर्नार्ड किलगोर यांच्या पुढाकाराने १९५८ साली ही संस्था न्यूजपेपर फंड या नावाने सुरू झाली. चांगल्या मुलांनी पत्रकारितेकडे वळावं हा हेतू. फंड कॉलेजच्या मुलांमधून इंटर्न निवडतो, कामावर जाण्याआधी त्यांचं छोटं निवासी प्रशिक्षण घेतो आणि मग त्यांना निरनिराळ्या वृत्तसंस्थांकडे पाठवतो. बिझनेस रिपोर्टिंग ही त्यातली एक शाखा. उन्हाळ्याचा पगार देते ती वृत्तसंस्था. उन्हाळा संपवून जी मुलं पुन्हा कॉलेजात जातात त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती असते, ती फंडाची. कार्यक्रम एक, पैसे देणारे दोन, आणि देण्याची कारणंही दोन.

मी भाचीला एवढंच विचारलं, "मधेच काम सोडलं असतंस तर यातले कुठले पैसे त्याच दिवशी थांबले असते? आणि कॉलेज सोडलंस तर कुठले थांबतील?" तिला तिथेच उलगडा झाला.

आधी पे-स्लिप बघू. समजा आठवड्याला ७०० डॉलर ठरले आहेत. त्यातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे, ६.२ टक्के म्हणजे ४३ डॉलर ४० सेंट जातात आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचे, १.४५ टक्के म्हणजे १० डॉलर १५ सेंट. त्याखाली केंद्राच्या आणि राज्याच्या प्राप्तिकराची कपात. वर्षभरात तेवढीच कमाई असेल तर केंद्राचा प्राप्तिकर बहुतेक वेळा रिटर्न भरल्यावर परत मिळतो. सोशल सिक्युरिटीचा पैसा परत येत नाही, पण तो वायाही जात नाही. निवृत्तिवेतनासाठी पुढे ४० क्रेडिट, म्हणजे कमाईवर जमा होणारे गुण, लागतात, आणि त्यातली पहिली काही या उन्हाळ्यातच जमा होतात. विसाव्या वर्षी निवृत्तीचा विचार कुणाच्या मनात नसतो हे मला कळतं, तरी त्या ओळीचा अर्थ मुलांना माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

पगार म्हटला की हक्क आले. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याप्रमाणे कामगाराला किमान वेतन द्यावंच लागतं. केंद्राचा दर २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे आणि अनेक राज्यांचा त्याहून बराच जास्त. मग बिनपगारी इंटर्नशिप चालते कशी? एका चित्रपटाच्या निर्मितीत फुकट राबलेल्या इंटर्न्सनी हाच प्रश्न कोर्टात नेला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं की या नात्यात मुख्य लाभ कुणाचा होतो ते तपासा, आणि जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या श्रमखात्याने तीच कसोटी स्वीकारली. इंटर्नशिप अभ्यासक्रमाशी जोडलेली आहे का, इंटर्न पगारी माणसाचं काम हिसकावतोय की त्याच्या जोडीने शिकतोय, अशा सात मुद्द्यांवर ती ठरते. मुख्य लाभ मालकाचा असेल तर इंटर्न कामगार ठरतो आणि त्याला पगार द्यावा लागतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो. शिष्यवृत्तीच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. ती मिळवलेल्या मुलाने कुणाची नोकरी धरलेली नसते.

पगाराबरोबर जबाबदारीही येते, आणि अर्थपत्रकारितेत ती इतर विभागांपेक्षा जड असते. व्याजदर ६.२५ वरून ६.५ वर गेला तर वाढ ०.२५ टक्के झाली असं लिहिणारा इंटर्न चूक छापतो. वाढ पाव टक्का-बिंदूची आहे, आणि टक्केवारीतच सांगायची तर ती ४ टक्के होते. वर्गात अशा चुकीचा अर्धा गुण कापला जातो. वृत्तपत्रात दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते.

त्याहून गंभीर गोष्ट आहे गुपिताची. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये 'हर्ड ऑन द स्ट्रीट' नावाचा शेअर बाजारावरचा स्तंभ येतो. एखाद्या कंपनीबद्दल तिथे काही छापून आलं की भाव हलायचा. आर. फॉस्टर विनान्स हा त्याचा एक लेखक. स्तंभात उद्या काय येणार हे तो एका दलालाला आदल्या दिवशी सांगायचा. चार महिन्यांत सुमारे २७ स्तंभांच्या आगाऊ माहितीवर सौदे झाले आणि निव्वळ नफा सुमारे ६ लाख ९० हजार डॉलर निघाला. विनान्स दोषी ठरला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. शेअर कायद्याखालच्या फसवणुकीवर न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेले, पण टपाल आणि तारयंत्रणेतून केलेल्या फसवणुकीवर १९८७ मध्ये सगळ्यांचं एकमत झालं: छापायची बातमी आणि ती कधी छापायची याचं वेळापत्रक ही वृत्तपत्राची मालमत्ता आहे, आणि नोकराने ती स्वतःच्या फायद्यासाठी वापरणं हा गुन्हा आहे.

पहिल्याच दिवशी इंटर्नपुढे आचारसंहितेचा कागद येतो तो अशा प्रकरणांमुळे. तुमच्या नावावर शेअर आहेत का, ज्या कंपन्यांची बातमी करणार त्यात घरच्यांचे पैसे आहेत का, हे विचारलं जातं. आपल्या घरांत बाबांचं डीमॅट, काकांचं ट्रेडिंग, जेवणाच्या टेबलावर शेअरच्या गप्पा हे नेहमीचं. मुलीने संध्याकाळी फोनवर "आज अमक्या कंपनीवर मोठी बातमी करतेय" असं सहज बोलणं आणि काकांनी सकाळी तोच शेअर घेणं, यातलं अंतर फार थोडं आहे. त्या दहा-बारा आठवड्यांत घरच्यांनी तिला कामाबद्दल विचारूच नये, असं मी तिच्या आईला बजावून सांगितलं होतं. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यावर शिष्यवृत्तीपोटी असलं बंधन नसतं.

आता दुसरं पत्र. शिष्यवृत्तीचा पैसा अमेरिकेत करमुक्त असतो, पण सगळाच नाही. पदवीचा अभ्यास करणाऱ्याने तो शिकवणी-शुल्क, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं-साहित्य यांवर खर्च केला तर त्यावर कर नाही. तोच पैसा खोलीच्या भाड्याला, मेसला किंवा विमानाच्या तिकिटाला गेला तर तो करपात्र उत्पन्नात धरला जातो. म्हणून फीच्या पावत्या आणि पुस्तकांची बिलं जपून ठेवायची.

नाव शिष्यवृत्ती असलं म्हणून पैसा शिष्यवृत्तीचा होत नाही, हे १९६९ मध्येच ठरलेलं आहे. वेस्टिंगहाउसच्या काही इंजिनिअरांना कंपनीने शिक्षणासाठी रजेवर असताना पैसे दिले आणि परतल्यावर तिथेच नोकरी करण्याची अट घातली. त्यांनी तो पैसा शिष्यवृत्ती म्हणून दाखवला. बिंगलर विरुद्ध जॉन्सन या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो कामाचा मोबदलाच ठरवला. म्हणून पत्रात 'अमुक तास काम केल्यास' अशी अट दिसली तर थांबून विचारावं, आणि वर्षअखेरीला कुठला फॉर्म येतो ते बघावं. पगार असेल तर डब्ल्यू-२ नावाचा फॉर्म येतो.

खरा चटका बसतो तो कॉलेजच्या मदतीच्या हिशोबात. बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवावी लागते. कळवली की अनेक कॉलेजं स्वतःच्या मदतीतून तेवढी रक्कम कापतात. हजार डॉलर मिळाले आणि कॉलेजची हजाराची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, गेली, तर मुलाच्या हाती शून्य. हे उघड अन्यायाचं आहे असं माझं मत आहे, कारण मेहनत मुलाची आणि बचत कॉलेजची. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांत या प्रकाराला कायद्याने आळा घातला आणि नंतर आणखी काही राज्यं त्या वाटेने गेली. पगाराचा हिशोब वेगळा असतो. तो त्या वर्षी कुणाला पत्राने कळवायचा नसतो. करविवरणातून तो दोन वर्षांनंतरच्या एफएएफएसए अर्जात, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीसाठीच्या अर्जात, उतरतो. एका मर्यादेपर्यंत तो मोजलाच जात नाही आणि त्यावरच्या रकमेचा अर्धा भाग विद्यार्थ्याची ऐपत म्हणून धरला जातो. शेवटच्या वर्षातल्या मुलाला तोपर्यंत त्या अर्जाची गरजही उरलेली नसते.

भाचीची रूममेट सांगलीची, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेली. तीही त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या गावातल्या वृत्तपत्रात होती, आणि तिच्यासाठी हा फरक व्हिसाचा होता. शिष्यवृत्ती घ्यायला कामाचा परवाना लागत नाही. पगार घ्यायला लागतो. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपसाठी सहसा सीपीटी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, घ्यावी लागते. त्यासाठी साधारणपणे आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं, काम अभ्यासक्रमाचा भाग असावं आणि आय-२० वर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, त्या मालकाच्या नावाने नोंद कामाच्या पहिल्या दिवसाआधी झालेली असावी. नंतर नोंद करून चालत नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरली तर पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करण्याची परवानगी, हातची जाते, पण एका उन्हाळ्याने तो धोका नाही.

तिच्या पे-स्लिपवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलेलं दिसलं. ते कापायला नको होतं, कारण एफ-१ वरचे विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरले जातात आणि त्यांना ही कपात लागू नाही. आधी पगार विभागाला सांगायचं, त्यांनी परत केलं नाही तर फॉर्म ८४३ भरायचा. प्राप्तिकर मात्र तिला लागतो. तिथे भारतीयांना एक सवलत आहे जी इतर देशांतल्या बहुतेक अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही: भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, घेता येतं. शिष्यवृत्तीचा करपात्र भाग असेल तर त्यावर साधारण १४ टक्के आधीच कापून घेतात.

भारतातही रेषा जवळपास तशीच आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) ने करमुक्त ठेवली, आणि काम करून मिळालेले पैसे नाव विद्यावेतन असलं तरी त्यातून आपोआप सुटत नाहीत. बायोडेटात इंटर्नशिप अनुभवाखाली आणि शिष्यवृत्ती सन्मानाखाली लिहायची, हे सांगायला फार वेळ लागत नाही.

भाचीने आठवड्याभरात एड ऑफिसला पत्र लिहिलं. पगाराचा त्यात उल्लेख केला नाही, करायचा नव्हताच. शिष्यवृत्तीची रक्कम, ती देणाऱ्या संस्थेचं नाव, आणि एकच विनंती: कापायचंच असेल तर आधी कर्जातून कापा, ग्रँटला हात लावू नका. तीन आठवड्यांनी नवा तक्ता आला. कर्जाचा आकडा खाली आला होता आणि ग्रँट होती तशीच होती. तिने त्याचाही फोटो पाठवला.