बोटीवरच्या लाइटवाल्या रॉकर स्विचचं वायरिंग

बोटीच्या पॅनलवर ओळीने बसवलेले, वरून-खालून दाबायचे, आत छोटा बल्ब किंवा एलईडी असलेले जे स्विच असतात ते लाइटवाले रॉकर स्विच. साध्या ऑन-ऑफ स्विचला दोन टर्मिनल, म्हणजे वायर जोडायच्या जागा, असतात, याला कमीत कमी तीन, आणि सगळा घोळ त्या तिसऱ्या टर्मिनलचा आहे.

तीन टर्मिनलवाल्यात एक सप्लायचं, म्हणजे फ्यूजमधून येणाऱ्या पॉझिटिवचं, दुसरं लोडचं, जिथून पंप किंवा दिव्याला पॉझिटिव जातो, आणि तिसरं निगेटिवचं. हे निगेटिव फक्त स्विचच्या आतल्या बत्तीसाठी असतं, पंपासाठी नाही. पंपाची काळी वायर सरळ निगेटिव बसबारला, म्हणजे सगळ्या निगेटिव वायरी एकत्र येतात त्या पट्टीला, जाते, स्विचकडे येतच नाही. पण पंपातून दोन वायरी आल्यात आणि स्विचला जागा रिकाम्या दिसतायत म्हटल्यावर माणूस दोन्ही तिथेच खोचतो. आतली बत्ती लोड आणि निगेटिव या दोघांच्या मध्ये जोडलेली असते, त्यामुळे स्विच दाबून लोडच्या बाजूला व्होल्टेज आलं की ती लागते. म्हणजे बत्ती लागली याचा अर्थ करंट स्विचच्या पलीकडे निघाला एवढाच, डोलकाठीच्या टोकावरचा दिवा खरंच लागलाय का ते तिला माहीत नसतं, वर मान करूनच बघावं लागतं.

चुकीचं जोडलं की काय होतं ते ठरलेलं आहे, त्यामुळे लक्षणावरून चूक ओळखता येते. सप्लाय आणि लोड उलटे झाले तर पंप नीट चालतो, बंदही होतो, पण बत्ती कायम चालू राहते, हळूहळू बॅटरी खात. लोड आणि निगेटिव उलटे झाले तर स्विच ऑफ असेपर्यंत सगळं शांत आणि दाबल्याबरोबर फ्यूज उडतो, कारण पॉझिटिव थेट निगेटिवला भिडतो, आणि अशा वेळी फ्यूजच नसेल तर वायर जळते. निगेटिव जोडायचंच राहिलं तर काम चालतं, फक्त बत्ती लागत नाही.

सगळ्यात डोकं खाणारा प्रकार साखळीचा. पाच-सहा स्विचच्या बत्त्यांचे निगेटिव एका वायरने एकमेकांना जोडत नेतात, ते बरोबरच आहे, एलईडी असतील तर एका बत्तीला काही मिलिअँपच लागतात म्हणून बारीक वायरही पुरते, पण त्या साखळीचं शेवटचं टोक बसबारला लावायचं राहिलं किंवा गंजून सुटलं तर गंमत सुरू होते. फिलामेंटचे बल्ब असतील तर एक स्विच दाबला की त्याची बत्ती मिणमिणते आणि बंद असलेल्या शेजाऱ्यांच्याही मिणमिणतात, कारण करंट पहिल्या बल्बातून साखळीत, तिथून दुसऱ्या बल्बातून उलटा त्याच्या बंद लोडमध्ये आणि मग निगेटिवला असा चोरवाटेने घरी जातो. सगळे स्विच एकदम ऑन केले तर सगळ्या बत्त्या विझतात! लोक अशा वेळी स्विच बदलत बसतात, खरं तर एक वायर तपासायची असते. एलईडी उलट्या दिशेने करंट जाऊ देत नाही म्हणून एलईडीवाल्यात तीच चूक असली तर नुसता अंधार दिसतो.

महागड्या स्विचमध्ये दोन बत्त्या असतात. एक लोडबरोबर लागणारी, दुसरी स्वतंत्र, अंधारात स्विच सापडावा म्हणून. या दुसरीला वेगळा पॉझिटिव द्यावा लागतो आणि तो नेव्हिगेशन लाइटच्या सर्किटमधून घेतला की रात्रीचे दिवे लावताच पॅनलही उजळतं. मंद ठेवता आलं तर उत्तम, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात आणि एका झगझगीत पॅनलने ती क्षणात जाते. एलईडीला पॉझिटिव-निगेटिवची दिशा असते हे लक्षात ठेवायचं. मागे टर्मिनलचे नंबर छापलेले असतात पण एका कंपनीचा नंबर दुसरीला लागू होईलच असं नाही, त्या स्विचची आकृती समोर ठेवूनच जोडायचं.

नेव्हिगेशन आणि अँकर लाइटचा एकच स्विच असतो तो जरा वेगळा, ऑन-ऑफ-ऑन (मध्ये बंद, दोन्ही बाजूंना चालू) आणि आत दोन वेगवेगळे पोल, म्हणजे एकाच बटणाने चालणारे पण एकमेकांना न जोडलेले दोन स्विच. 1972 च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 12 मीटरपेक्षा लहान मोटरबोटीला चालताना लाल-हिरवे दिवे आणि चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा चालतो, नांगर टाकल्यावर फक्त तो पांढरा. म्हणजे पांढरा दोन्ही पोझिशनला हवा, लाल-हिरवे एकाच. म्हणून एका पोलची दोन्ही टोकं एकत्र जोडून पांढऱ्याला देतात आणि दुसऱ्या पोलचं एकच टोक लाल-हिरव्याला, मधल्या दोन टर्मिनलना सप्लाय देऊन. एकाच पोलवर हे करायला गेलं तर नांगर टाकल्यावरही लाल-हिरवे जळत राहतात.

बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून आपोआप पंप चालू करणारा, मात्र या पॅनलच्या भरवशावर ठेवत नाहीत. मेन स्विच बंद करून घरी गेलं तरी तळातलं पाणी उपसलं जावं म्हणून फ्लोटला बॅटरीवरून वेगळा फ्यूज लावून थेट सप्लाय देतात. फ्लोटकडून येणारी वायर आणि रॉकरच्या लोडची वायर पंपाच्या पॉझिटिवला एकत्र आली की फ्लोटने पंप चालवला तरी पॅनलवरची बत्ती लागते. फुकटचा इशारा.

वायर टिनचा मुलामा दिलेली, बारीक तारांची तांब्याची हवी, खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर आतून काळी पडते. अमेरिकेच्या एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) मानकात डीसी निगेटिवला पिवळा किंवा काळा रंग चालतो, पण पिवळ्याला पसंती, कारण तिथल्या एसी वायरिंगमध्ये काळी वायर लाइव्ह, म्हणजे करंटची, असते. त्याच मानकात नेव्हिगेशन लाइटसारख्या महत्त्वाच्या सर्किटला व्होल्टेजची घट 3 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय, म्हणजे 12 व्होल्टवर जेमतेम 0.36 व्होल्ट. नांगर ओढणाऱ्या विंचसारखा जड लोड रॉकरवरून थेट चालवायचा नाही, रॉकरने रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा आणि रिलेने विंच. पॉझिटिव एका स्विचवरून दुसऱ्यावर उड्या मारत नेला असेल तर पहिल्या तुकड्यातून सगळ्यांचा करंट जातो, तिथे बत्तीच्या साखळीवाली बारीक वायर वापरली तर ती तापणारच.

जोडायच्या आधी सुट्ट्या स्विचवर मल्टीमीटर लावून बघितलं तर बरंच कळतं. दाबल्यावर ज्या दोन टर्मिनलमध्ये मीटर बीप करतो ती सप्लाय आणि लोड. यातलं लोड कुठलं हे फिलामेंटच्या स्विचमध्ये ऑफ असताना ओहमवर तपासलं की कळतं, लोड आणि निगेटिवमध्ये थोडा रेझिस्टन्स दिसतो, सप्लाय आणि निगेटिवमध्ये काहीच नाही. एलईडीत मीटर बहुतेक गप्पच राहतो, तिथे छोट्या फ्यूजमधून 12 व्होल्ट देऊन बघावं लागतं.