बायबलची गोष्ट येणं आणि विश्वास असणं, दोन्ही एकच का?

आमच्याकडे रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना असते, आधी एक गीत, मग बायबलमधली एखादी गोष्ट, मग प्रार्थना, आणि बरीच वर्षं मी हेच धरून चालले होते की मुलांना गोष्टी आल्या म्हणजे विश्वासही आला, कारण दोन्ही एकाच सतरंजीवर बसून चालतं ना, मग वेगळं कसं वाटणार. पण ते वेगळं आहे.

गोष्ट येणं म्हणजे कोण, कुठे, काय झालं हे माहीत असणं. जलप्रलयाच्या वेळी नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, कोण कोण होतं, गल्याथाशी लढायला दाविदाने ओढ्यातून किती गोटे उचलले, हे सगळं विचारता येतं, संडे स्कूलच्या (चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गाच्या) क्विझमध्ये त्याला बक्षीसही मिळतं. विश्वास म्हणजे रात्री भीती वाटली किंवा शाळेत कोणी खोटा आळ घेतला तर मूल देवाकडे वळतं का. त्याचे मार्क काढता येत नाहीत.

योनाचंच बघा. देवाने त्याला निनवे शहरात संदेश द्यायला पाठवलं, तो उलट पळाला, आणि समुद्रात एका मोठ्या माशाने त्याला गिळलं. आपण सगळे माशापाशी थांबतो, मोठा मासा, तीन दिवस तीन रात्री, मग किनाऱ्यावर, झाली गोष्ट. पण पुस्तकात ४ अध्याय आहेत आणि मासा दुसऱ्या अध्यायातच संपतो! चौथ्यात योना चिडून बसलाय, कशावर, तर निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने त्यांना माफ केलं यावर. आणि शेवटी देव त्याला विचारतो की १ लाख २० हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या शहराची मला दया येऊ नये का? यावर योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही.

माझ्या ८ वर्षांच्या मुलाचं तेव्हा शेजारच्या मित्राशी जोरात वाजलं होतं. मी वाचून थांबले तर तो म्हणाला, मग योना काय बोलला? म्हटलं माहीत नाही, तू काय बोलला असतास? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मी पण चिडलोच असतो. मी काही समजावलं नाही, फक्त प्रार्थनेत दोघांची नावं घेतली, आणि त्या दिवशी मीच त्याच्यावर उगाच ओरडले होते त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. मासा त्याला चार वर्षांपासून पाठ होता, पण योनाशी त्याची ओळख झाली ती त्या रात्री.

प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रं लिहितो तिथे पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी येतात. दुसऱ्या पत्रात १:५ मध्ये (अध्याय १, वचन ५) तो तीमथ्याच्या विश्वासाबद्दल बोलतो, जो आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. शास्त्र लहानपणापासून ठाऊक असण्याचं येतं ३:१५ मध्ये. म्हणजे तीमथ्याकडे दोन्ही होतं, पण विश्वासाचं बोलताना पौलाला घरातल्या दोन बायका आठवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता याचा अर्थ गोष्टी कमी करा असा अजिबात घेऊ नका हं. नुसतं देव चांगला आहे, प्रेमळ आहे सांगत बसलं तर मूल विचारणारच, कशावरून? गोष्टीच नसतील तर उत्तर कुठून आणणार. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि नव्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये छापलं, जवळजवळ ११ हजार ओव्या, सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूपर्यंत सगळी कथा मराठीत, कारण लोकांना ऐकायला, गायला आपल्या भाषेतली कथा हवीच होती.

घरी मी आता एवढंच बदललंय की गोष्ट वाचल्यावर लगेच तात्पर्य सांगत नाही. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात (अध्याय ४) यार्देन नदीतून १२ दगड आणून रचतात ते याचसाठी, की पुढे मुलं विचारतील हे दगड कसले, आणि मग सांगायचं. म्हणजे आधी मुलांचा प्रश्न, मग आपलं सांगणं. पाच वर्षांची धाकटी अजून माशावरच आहे, रोज विचारते आत अंधार होता का, आणि मी रोज सांगते, हो, आणि योना तिथे प्रार्थना करत होता.