मच्छीमार बोटीच्या डिझेल इंजिनातील इंधनपुरवठ्याचे दोषनिदान

बोटीचे इंजिन सुरू होत नसेल, सुरू होऊन बंद पडत असेल किंवा जोर धरत नसेल, तर टाकीपासून नोझलपर्यंतच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंतच्या) वाटेत डिझेल कुठे अडते आणि त्यात हवा किंवा पाणी कुठे शिरते, हे शोधून काढण्याची पद्धत. ससून डॉक, हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा कोकणच्या बंदरांतून निघणाऱ्या बोटींवर भर समुद्रात हे काम तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) किंवा इंजिन सांभाळणाऱ्या खलाशालाच करावे लागते. मेकॅनिक किनाऱ्यावर असतो. ‘इंजिनाने एअर घेतली’ असे तिथे म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरे निघते.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते, की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. बोटीवर डिझेल टाकीतून कॉक आणि पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर यांतून फीड पंपाकडे येते. तिथून दुसऱ्या, अधिक बारीक फिल्टरमधून ते दाब वाढवणाऱ्या फ्युएल पंपात जाते आणि पुढे जाड पोलादी नळ्यांतून प्रत्येक नोझलला पोहोचते. उरलेले डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परतते.

या वाटेत निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा फीड पंप ही आहे. त्याच्या पुढे डिझेल ढकलले जाते, मागे ते ओढले जाते. पुढच्या भागात जोड ढिला झाला तर डिझेल बाहेर गळते आणि दोष डोळ्यांना दिसतो. मागच्या भागात मात्र ढिल्या जोडातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. नळी कोरडी, जोड कोरडा, तरीही इंजिन बंद. म्हणून टाकी ते फीड पंप या टप्प्यात ‘गळत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. टाकी पंपापेक्षा उंच असेल तर हाच दोष आणखी फसवा होतो: टाकी भरलेली असताना त्याच जोडातून डिझेल ठिबकते आणि इंजिन सुरळीत चालते, पातळी खाली गेली की ठिबकणे थांबते आणि हवा शिरू लागते. भरल्या टाकीवर चालणारे आणि अर्ध्या टाकीवर बंद पडणारे इंजिन दिसले की मागचे जोड आधी तपासावेत.

थोड्याशा हवेने एवढे मोठे इंजिन थांबते, कारण हवा दबते आणि डिझेल जवळजवळ दबत नाही. जुन्या यांत्रिक पद्धतीच्या इंजिनात नोझल उघडायला साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशेपट, दाब लागतो. नळीत बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा फटका तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही.

दोष कधी आणि कसा दिसतो, यावरून बरेच कळते. सेल्फ (स्टार्टर) मारताना धुराड्यातून अजिबात धूर येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण जळत नाही. मग काँप्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जाते का याकडे, बघावे. फिल्टर तुंबला असेल तर इंजिन रिकामे नीट चालते आणि जाळे ओढताना, म्हणजे डिझेलची गरज वाढली की, मार खाते. इथे एक गल्लत नेहमी होते. जोर कमी पडून काळा धूर निघत असेल, तर डिझेल कमी पडत नाही, उलट हवेच्या मानाने जास्त जाते आहे. पंख्यात दोर किंवा जाळे गुंतले आहे का, बोटीच्या तळाला शिंपले धरलेत का, एअर फिल्टर तुंबला आहे का, हे तेव्हा पाहायचे असते.

तासभर बरे चालून बंद पडणारे, आणि थोड्या वेळाने काही न करता पुन्हा सुरू होणारे इंजिन माणसाला फार छळते. त्यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असते. टाकीची हवानळी मिठाने किंवा रंगाच्या थराने बुजली असेल तर डिझेल कमी होत जाते तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते. भरण्याचे झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि इंजिन चालू लागते. किंवा टाकीतला कचरा ओढीने नळीच्या तोंडाशी चिकटतो आणि इंजिन थांबताच खाली पडतो.

तपासणीची सुरुवात कॉक उघडा आहे का, इंजिन थांबवण्याची केबल पूर्ण परत आली आहे का, आणि विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड (इंजिन थांबवणारी कळ) असेल तर त्याची वायर खाऱ्या हवेने गंजली आहे का, येथून करावी. त्यानंतरची सर्वांत उपयुक्त चाचणी कॅनची आहे. स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून एक नळी थेट फीड पंपाला जोडावी. इंजिन व्यवस्थित चालले तर दोष टाकी, मागची नळी किंवा पहिला फिल्टर यांत आहे. तसेच अडखळले तर पुढे. एका नळीने अर्धी वाट बाद होते. फीड पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. इतके केल्याशिवाय फ्युएल पंप आणि नोझल दुरुस्तीला पाठवणे हा पैशांचा अपव्यय आहे, कारण महागडा भाग निर्दोष आणि शंभर रुपयांची क्लिप ढिली, असे पुष्कळदा निघते.

पाणी आणि गाळ हा कोकणात हंगामाशी बांधलेला प्रश्न आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते आणि बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. अर्धवट भरलेल्या टाकीतल्या दमट हवेचे पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी साचते. पाणी आणि डिझेल भेटतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही त्यातली प्रसिद्ध बुरशी. त्यांचा काळसर, बुळबुळीत साका टाकीत पडून राहतो. ऑगस्टमध्ये समुद्र अजून खवळलेला असतो. बोट हलते, साका ढवळला जातो आणि फिल्टर नेमका लाटांत तुंबतो. बंदीपूर्वी टाकी पूर्ण भरणे आणि पहिल्या फेरीआधी तळाचे डिझेल पारदर्शक बाटलीत काढून ते अर्धा तास स्थिर ठेवून पाहणे, हे म्हणूनच महत्त्वाचे.

दोष दूर केल्यावर एअर काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपावरचा हातपंप मारावा. बुडबुड्यांशिवाय डिझेल आले की आवळावा. मग फ्युएल पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे नट ढिले करून सेल्फ. हातपंपाला पकड येत नसेल तर कॅमशाफ्टचा उंचवटा पंपाच्या दांड्याखाली आलेला असतो; इंजिन एक फेरा फिरवले की पकड येते. जोडातले तांब्याचे वायसर नवे घालावेत. टेफ्लॉन टेप वापरू नये, तिचे तुकडे पुढे जाऊन अडकतात.

यांत्रिक इंजिनात एकेका नोझलचा नट ढिला करून आजारी सिलिंडर ओळखतात: ढिला केल्यावर वेग उतरला तर तो काम करत होता, फरक पडला नाही तर दोष तिथे. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनावर, हे कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी माणसाला ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. ज्या बोटींत थंडाव्याचे समुद्राचे पाणी धुराड्याच्या नळीत सोडलेले असते, तिथे वारंवार सेल्फ मारताना त्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा. इंजिन पेटत नसताना ते पाणी बाहेर फेकले जात नाही. ते साचून उलटे सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन सुरू होताच कॉक पुन्हा उघडायचा.