पार्श्वभूमी : हत्यार म्हणावं की औजार?

विदर्भात अलीकडे काही गावांत दोन-तीन दिवसांची लोहारकामाची शिबिरं भरतात. शहरातली मंडळी येतात, भट्टीपुढे घाम गाळतात आणि स्वतः घडवलेलं पातं नाहीतर कुऱ्हाड घेऊन घरी जातात. शिकवायला गावचाच खाती, म्हणजे लोहार. (आमच्याकडे ‘खात्याकडे जाऊन आलो’ म्हणजे सरकारी खातं नव्हे.)

या शिबिरांचं मूळ थेट शिळावर्तुळांपर्यंत, म्हणजे लोहयुगातल्या दगडी वर्तुळांच्या दफनांपर्यंत, नेण्याची हौस पुष्कळांना असते. पुरावा आहेच. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, माहुरझरीला लोखंडी कुऱ्हाडी. त्या कुऱ्हाडींना दांडा घालायचं नेढं (भोक) नाही. चपटं पातं आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेलं. पण आजच्या खात्याचा त्या कारागिराशी सलग धागा जुळवणं अवघड आहे. १९१६ साली छापलेल्या मध्य प्रांतांच्या जातिवर्णनातही लोहार, खाती, घिसाडी, पांचाळ असे सगळे एकाच मथळ्याखाली कोंबलेत. गावात बसून बलुत्यावर वखराची पास (पातं) शेवटून, म्हणजे ठोकून धारदार करून, देणारा वेगळा आणि गाडीवर संसार घेऊन फिरणारा वेगळा, हे गावाला मात्र नीट ठाऊक होतं.

आज शिकवली जाते ती विद्या खरं तर ट्रकच्या कमानपाट्याची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीची, आहे. धातुक आता कुणी गाळत नाही. राखीव जंगलात विनापरवाना कोळसा पाडणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. भट्टीत लोणारी (लाकडाच्या) कोळशाच्या जागी चंद्रपूरकडचा दगडी कोळसा आला, भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा. लोखंड भंगारवाल्याकडून. कमानपाट्यात कार्बन चांगला, म्हणून धार टिकते. पण त्याला पाणी देताना, म्हणजे तापलेलं बुडवून कडक करताना, घाई चालत नाही.

खरा वाद शब्दाचा आहे. एका शिबिराच्या फलकावर आधी ‘पारंपरिक हत्यारे’ असं लिहिलं होतं. पोलीस चौकशी करतील या धास्तीने आयोजकांनी ते खोडून ‘औजारे’ केलं. धास्ती अगदीच पोकळ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू ‘शस्त्र’ नाहीत. २०१६ च्या नियमांत तलवार, खंजीर, भाला, युद्धातला परशू आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तशीच हत्यारं येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाची मात्र वगळली आहेत. म्हणजे नुसत्या मापाने काही ठरत नाही. सरपणाच्या साध्या कुऱ्हाडीचं तोंडही २ इंचांहून रुंद असतं. ती कशासाठी घडवली, यावर सगळं.

पण फलक बदलताना खात्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या बोलीत ऐरण, घण, सांडस, सुंभा ही सगळी हत्यारंच. खंडेनवमीला तो त्यांचीच पूजा करतो. ‘औजार’ हा शब्द त्याला कृषी कार्यालयातला वाटतो. माझं मत विचाराल तर शब्द त्याचा बरोबर होता आणि आयोजकांचा धाक चुकीच्या जागी होता. खोडायची होती ती शिबिरातली तलवार. वखराची पास, डवऱ्याची पास, विळा, कुऱ्हाड यांवर या माणसाच्या पिढ्या गेल्या. तलवारीची हौस पाहुण्यांची.

“घन पेलत असन तं या जी, फोटूसाठी नोका येऊ,” असं खाती पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तरी पुण्याच्या एका पोराने हट्टाने दीड फुटी पातं ओढलं. लाल झालेलं पातं लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं, असं सांगितलेलं असताना त्याने ते शेजारच्या पाण्याच्या डोणीत घातलं. टिण् असा बारीक आवाज आला. पातं मधोमध तडकलं.

खात्याने सांडशीने ते उचललं, तडा अंगठ्याने चाचपला आणि छिन्नीने तिथूनच तोडलं. मुठीकडचा तुकडा पुन्हा भट्टीत घालून वाकवला. संध्याकाळी पोराच्या पिशवीत खुरपं होतं.