क्रूझ रद्द झाली की नुसती बदलली?

ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत सप्टेंबरचं एक ठरलेलं चित्र असतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, नायगारा-न्यूयॉर्क उरकलेलं, नातवंडांची शाळा सुरू झालेली, आणि अशात कुणीतरी व्हॉट्सॲपवर जवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझची ऑफर टाकतं. भाव असा की दोनदा वाचावा लागतो. आम्हीही असंच बुक केलं होतं. कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. पूर्व कॅरिबियनमध्ये वादळ जोर धरतंय, म्हणून केमन आणि जमैका रद्द. त्याऐवजी मेक्सिकोचंच कोस्टा माया, आणि एक जास्तीचा दिवस समुद्रावर. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "रद्द म्हणाला ना तो? मग पैसे परत?"

नाही. रद्द झाली होती दोन बंदरं, फेरी नव्हे. वादळांच्या हंगामात क्रूझ बुक करणाऱ्याचा सगळा घोळ या एका शब्दात आहे. फेरी रद्द होणं आणि फेरीचा मार्ग बदलणं या गोष्टी ऐकायला सारख्या वाटतात, आणि दोन्हींचं कारण एकच वादळ असू शकतं. पण पैशाच्या, कायद्याच्या आणि विम्याच्या हिशेबात त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

आधी हंगामाचं. अटलांटिकचा हरिकेन हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, फक्त समुद्र वेगळा. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीप्रमाणे एका हंगामात नाव मिळालेली १४ वादळं होतात, त्यातली ७ हरिकेन होतात आणि ३ मोठी, म्हणजे पाचपैकी तिसऱ्या श्रेणीची किंवा त्यावरची. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र 'बंद' होतो. १ जूनपासून मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी समुद्रात उतरायचा नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि शेकडो माणसं गेली, ही गोष्ट कोकणात अजून सांगितली जाते. त्यामुळे वादळाच्या दिवसांत समुद्रावर 'सेल' लागतो हे बाबांच्या डोक्यात बसतच नव्हतं.

सेल लागू शकतो, कारण जहाज हलतं. रिसॉर्ट हलत नाही. वादळ कॅरिबियनमधून साधारण ताशी १५ ते २५ किलोमीटरने सरकतं. आतले वारे कितीही भयंकर असले तरी आख्खं वादळ सायकलच्या वेगाने चालतं. मोठं क्रूझ जहाज ताशी ३७ ते ४० किलोमीटर सहज काढतं. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर सात दिवस पुढचा अंदाज देतं. त्यामुळे कॅप्टन वादळाशी झुंजत नाही, त्याला चक्क वळसा घालतो. १९९८ च्या मिच वादळात फँटोम हे शिडाचं प्रवासी जहाज बुडालं. प्रवाशांना आधीच बेलीझला उतरवलं होतं, पण ३१ खलाशी गेले. आजची मोठी जहाजं आणि आजचे अंदाज यांची त्याच्याशी तुलना होत नाही. उलट अलीकडचा एक गाजलेला हादरा हंगामाच्या बाहेरचा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यू जर्सीहून निघालेलं अँथम ऑफ द सीज हे क्रूझ जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरसजवळ हिवाळी वादळात सापडून परत फिरलं.

म्हणजे जिवाला धोका फार कमी. पण जे हलणं जीव वाचवतं, तेच सुट्टी उलटीपालटी करतं. जहाज कुठेही जाऊ शकतं म्हणून कंपनीला फेरी रद्द करायची गरजच पडत नाही; ती दुसरीकडे नेते. बदल हा या हंगामातला रोजचा प्रकार आहे, आणि रद्द होणं अपवाद.

मग रद्द कधी होते? बहुतेक वेळा जहाजाच्या वाटेतल्या वादळाने नाही, तर सुटण्याचं बंदरच बंद पडल्याने. अमेरिकी तटरक्षक दल वादळाआधी बंदरांना टप्प्याटप्प्याने इशारे देतं: व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. सोसाट्याचा वारा ७२, ४८, २४ आणि शेवटी १२ तासांत अपेक्षित आहे, असा त्यांचा अर्थ. झुलू लागलं की बंदर बंद. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वी वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा गॅल्व्हेस्टन असंच बंद झालं. परतणारी जहाजं मेक्सिकोच्या आखातात अडकली. काही सामान भरायला न्यू ऑर्लिन्सला गेली, लिबर्टी ऑफ द सीज थेट मायामीला. ह्यूस्टनच्या कितीतरी घरांत पाणी शिरत होतं आणि त्यांचे मालक जहाजावर होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाच्या वेळी टँपा आणि पोर्ट कॅनाव्हेरल बंद झाली आणि तोच खेळ फ्लोरिडात झाला.

अशा वेळी कंपनीने तुमची फेरीच रद्द केली तर तुम्ही भक्कम जागी आहात. तिकिटाचे पैसे परत मिळतात. अमेरिकी बंदरातून सुटणाऱ्या जहाजांसाठी फेडरल मेरिटाइम कमिशन या सरकारी संस्थेचा २०२२ पासूनचा नियम तर आणखी पुढे जातो: सुटणं तीन किंवा जास्त दिवस लांबलं आणि तुम्हाला त्या लांबलेल्या किंवा बदली फेरीवर जायचं नसेल, तरीही तुम्ही परतावा मागू शकता. पुष्कळदा कंपनी रोख आणि पुढच्या क्रूझचं क्रेडिट असे दोन पर्याय समोर ठेवते. क्रेडिटचा आकडा थोडा मोठा आणि बटण जास्त ठळक असतं. घाईत दाबू नका.

मार्ग बदलला तर मात्र तिकिटाबरोबरचा करार उघडून बघा. कुणी बघत नाही, मीही बघितला नव्हता. हवामान किंवा सुरक्षेच्या कारणाने कंपनी कुठलंही बंदर गाळू शकते, बदलू शकते, क्रम फिरवू शकते, आणि त्याबद्दल भरपाई द्यायला बांधील नाही, असं जवळपास सगळ्याच कंपन्यांचा करार सांगतो. तुम्ही विकत घेतलेली असते सात रात्रींची खोली, जेवण आणि जहाज. जमैका हा त्यातला इरादा असतो, वचन नव्हे. जाहिरातीत मात्र जमैकाचाच फोटो असतो.

आम्हाला परत आली ती न गाठलेल्या बंदरांची फी आणि कर. तीही रोख नाही, जहाजावरच खर्च करायच्या क्रेडिटमध्ये. चौथ्या दिवशी खोलीच्या टीव्हीवर बिल उघडलं तर माणशी एक बारीक उणे आकडा दिसत होता. बाबांनी तो मोबाइलवर टिपून घेतला आणि सांगलीच्या बँकेत घालतात तसा हिशेब घातला. चौघांचे मिळून दोन कॉफ्या, एक आइसक्रीम आणि टोपी. टोपी अजून आहे. जहाजामार्फत घेतलेल्या केमनच्या सहलीचे पैसे पूर्ण परत आले, कारण बंदर गळलं की त्यांच्याच सहली आपोआप रद्द होतात. जमैकातल्या डन्स रिव्हर धबधब्यासाठी मी परस्पर एक टॅक्सीवाला ठरवून आगाऊ रक्कम दिली होती. ती बुडाली असं समजून चाललो होतो. त्याने दुसऱ्याच दिवशी न मागता परत केली. त्याच्या पावतीवर लिहिलेलं होतं: जहाज आलं नाही तर पैसे परत. या धंद्याचं स्वरूप त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

या दोन्हींत मधली एक अवस्था असते आणि तिथे भांडणं जास्त होतात. बंदर दोन दिवस बंद राहिलं, जहाज उशिरा सुटलं, सातच्या पाच रात्री झाल्या. ही रद्द नाही आणि नुसता बदलही नाही. कंपन्या सहसा गाळलेल्या रात्रींचे पैसे हिशेबाने देतात, पण तीन दिवसांच्या उंबरठ्याच्या आत असल्यामुळे 'मला जायचंच नाही' म्हणायचा हक्क त्या नियमातून मिळत नाही.

आणि सगळ्यात महाग चूक यापुढची. बातम्यांत लाल भोवरा दिसतो, घरात घबराट होते, आणि माणूस स्वतःच बुकिंग रद्द करतो. उद्या कंपनी रद्द करेलच, मग आज काय फरक पडतो, असा विचार. फरक सगळ्याचाच पडतो. शेवटचा हप्ता साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरलेला असतो आणि त्यानंतर रद्द करण्याचा दंड चढत जातो. शेवटच्या दोन आठवड्यांत बहुधा पूर्ण रक्कम जाते. कंपनीने केलं तर पूर्ण परतावा, तुम्ही केलं तर शून्य, आणि मध्ये कधीकधी एका रात्रीचंच अंतर. म्हणून वाट बघा. ईमेल येऊ द्या.

विमाही याच दोन शब्दांवर अडतो. साधी प्रवास विमा पॉलिसी फेरी रद्द झाली, विमान चुकलं, किंवा वादळाने तुमचं घर राहण्याजोगं उरलं नाही, अशा कारणांना पैसे देते. 'जमैकाऐवजी कोस्टा माया दाखवलं' हे कारण तिच्या यादीत बहुधा नसतं; काही पॉलिसींत बंदर गळण्यासाठी छोटी ठरावीक रक्कम असते, इतकंच. आणि वादळाला नाव मिळायच्या आत पॉलिसी घेतलेली हवी. ताशी ६३ किलोमीटर वारे झाले की हवामान खातं नाव देतं, आणि त्या क्षणापासून ते विमा कंपनीच्या दृष्टीने 'माहीत असलेलं संकट' होतं. नाव ऐकून विमा घ्यायला निघालेला माणूस नेमका एक दिवस उशिरा पोचतो. कुठल्याही कारणाने रद्द करता येणारी महाग पॉलिसी असते, पण ती पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावी लागते, निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं, आणि परत मिळतात ५० ते ७५ टक्के. क्रूझ कंपनी बुकिंग करतानाच जी 'सुरक्षा योजना' चिकटवते ती पुन्हा वेगळी. तिच्यात मनाने रद्द केलं तर पैसे पुष्कळदा पुढच्या क्रूझच्या क्रेडिटमध्येच मिळतात. आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे इथल्या आजारपणाचा विमा, हा या कुणाचाच पर्याय नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांच्या वाट्याला बदलाचा एक जास्तीचा धोका येतो. १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या (परदेशात नोंदलेल्या) जहाजाला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक क्रूझला, अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परतताना वाटेत एखादं परदेशी बंदर गाठावंच लागतं. त्यामुळे गळलेल्या बंदराच्या बदली दुसरा देश येतो. मेक्सिको आला तर चालतं. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की वेगळा लागत नाही. पण न्यूयॉर्कहून बर्म्युडाला निघणारं जहाज वादळामुळे उत्तरेला कॅनडाकडे वळवलं, तर आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो, तो दोन दिवसांत मिळत नाही, आणि कागदपत्रांची जबाबदारी करारात प्रवाशावर टाकलेली असते. सप्टेंबरात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून निघायचं असेल आणि बरोबर भारतीय पासपोर्ट असतील, तर मी ती क्रूझ घेणारच नाही.

एरवी घेतो, आणि त्यानंतर दोनदा घेतलीही आहे. गॅल्व्हेस्टन घरापासून गाडीने तासाभरावर, त्यामुळे विमानाची भानगड नाही; आमच्या ओळखीतल्या एकांची फेरी रद्द होऊन तिकिटाचे सगळे पैसे परत आले, पण न्यू जर्सीहून काढलेली स्वस्तातली विमानाची तिकिटं आणि हॉटेल बुडालं. एखादं विशिष्ट बेट बघायचंच असेल तर फेब्रुवारी बरा, किंवा अरुबा-कुरासाव, जी वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहेत. जहाजावर नुसतं पडून राहायचं, बुफेत आईला रोज दही शोधून द्यायचं, एवढंच असेल तर सप्टेंबरचा भाव खरोखर चांगला आहे.

आईच्या गोळ्यांच्या डबीला सात कप्पे आहेत, रविवार ते शनिवार. पहिल्या वेळी तेवढेच भरून नेले होते आणि परतीचं बंदर उघडं होतं म्हणून निभावलं. आता बाबा स्वतः दुसरी डबी भरतात आणि वर पट्टी चिकटवतात: झुलू.