ओरखड्यांनी उजळणारा दिवा

ॲक्रिलिकच्या पारदर्शक पाटीवर नाव किंवा चित्र कोरायचं, ती लाकडी ठोकळ्याच्या खाचेत उभी करायची आणि खालून एलईडीची पट्टी लावायची. खोलीतला मोठा दिवा मालवला की पाटी दिसेनाशी होते आणि कोरलेलं तेवढंच उजळतं. असे नाइट लॅम्प बाजारात तयार मिळतात. पण घरी करून पाहावा असाच हा दिवा आहे, कारण त्याचा प्रत्येक भाग, अगदी कड घासण्यापर्यंत, शाळेत शिकलेल्या एकाच नियमावर चालतो.

तो नियम पूर्ण आंतरिक परावर्तनाचा. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, 1.49. त्याच्या आतला किरण पृष्ठभागावर स्तंभिकेशी (पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी) सुमारे 42 अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो सगळाच्या सगळा आत परततो. आता खालच्या कडेतून शिरणारा प्रकाश पाहा. हवेतून तो कितीही तिरका येऊ दे, आत शिरताना वळतो आणि कडेच्या स्तंभिकेशी त्याचा कोन 42 अंशांच्या वर जाऊ शकत नाही. पाटीची पुढची आणि मागची बाजू या कडेला काटकोनात असते. म्हणजे तोच किरण त्या बाजूंवर किमान 90 वजा 42, अर्थात 48 अंशांनी आदळणार. 48 हे 42 पेक्षा मोठे, त्यामुळे सुटका नाही. गुळगुळीत कडेतून आलेला एकही किरण पाटीच्या समोरून बाहेर पडत नाही! भूमितीच्या दोन ओळींत इतकं पक्कं उत्तर मिळावं, हे मला फार सुंदर वाटतं.

प्रत्येक पारदर्शक पदार्थाला हे साधत नाही. त्यासाठी अपवर्तनांक 2 च्या वर्गमुळाहून, म्हणजे 1.414 हून जास्त लागतो. पाण्याचा 1.33 असल्यामुळे तिथे तिरके किरण थोडे तरी गळतात. पण पाण्याच्या धारेत किरण तिच्याच दिशेने सोडले तर पाणीही त्यांना धरून ठेवतं. जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडन यांनी पाण्याच्या वळणाऱ्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला आणि 1842 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत 1954 मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेल्याचा निबंध लिहिला. ऑप्टिकल फायबरच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा. साध्या खिडकीच्या काचेचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास असतो, त्यामुळे तीही चालेल. पण तिच्यात लोहाचा अंश असतो, म्हणून ती कडेकडून हिरवी दिसते आणि लांबवर जाणारा प्रकाश गिळते. ॲक्रिलिक त्या मानाने फारच स्वच्छ.

मग चित्र दिसतं कसं? ओरखड्यामुळे. ओरखड्याच्या ठिकाणी पृष्ठभाग सपाट राहत नाही, नाना कोनांचे बारीक उतार तयार होतात, आणि तिथे आदळलेल्या किरणाला 42 अंशांच्या आतला कोन मिळाला की तो बाहेर सुटतो. दिवा लावून पाटीवर ओलं बोट दाबून पाहा. जिथे कातडी खरोखर टेकते तेवढ्याच जागी प्रकाश निसटतो आणि बोटाच्या रेषा दिसतात. बोटांचे ठसे घेणारे ऑप्टिकल स्कॅनर याच तत्त्वावर काम करतात.

पाटी 5 मिलिमीटर जाडीची घ्या, एलईडीच्या पट्टीला ती चांगली बसते. पाट्या आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडे लेझरने कोरून मिळतं. त्यांच्या यंत्रातला कार्बन डायऑक्साइड लेझर 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो. डोळ्यांना आरपार दिसणारं ॲक्रिलिक तो प्रकाश मात्र शोषून घेतं. शीट कास्ट प्रकारची, म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागा. तिच्यावर कोरीव भाग पांढुरका, धुकट उमटतो. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या, शीटवर तो बराचसा पारदर्शकच राहतो आणि दिवा मंद दिसतो. हाताने करायचं तर अणकुचीदार पोलादी सुई आणि पॉलिश पेपर पुरे. चित्र मागच्या बाजूने कोरा, अर्थात उलटं.

देवनागरी नाव कोरताना एक गोष्ट हमखास दिसते. खालून वर जाणाऱ्या प्रकाशाला आडवी रेषा थेट आडवी येते, उभी रेषा त्याच्याच दिशेने धावते. म्हणून शिरोरेखा झळाळते आणि काना फिका पडतो. उपाय सोपा आहे: उभे दांडे एका रेषेत न ओढता आडव्या बारीक रेघोट्यांनी भरायचे. वर जाता जाता प्रकाश कमी होत जातो, तेव्हा वरचा भाग जरा दाट कोरावा. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यामागेही अशीच कडेने उजळलेली पाटी असते. तिच्यावरचे ठिपके एलईडीजवळ विरळ आणि दूर गेल्यावर दाट असतात.

खालची कड करवतीने कापली असेल, तर 400, 800, 1500 असे क्रमाने अधिक बारीक नंबरचे वॉटर पेपर पाणी लावून घासत न्या. खडबडीत कडेवर वरचं गणित मोडतं आणि तळाशी पांढुरका पट्टा चमकत राहतो. एलईडी पाटीला डिंकाने चिकटवू नका. मधली केसाएवढी हवेची फट गेली की किरण 42 अंशांहून जास्त तिरके आत शिरतात आणि समोरून गळतात. खाचेतही पाटी नुसती बसवा, भरपूर ग्लू ओतू नका. वरच्या कडेला पोहोचलेला प्रकाश तिथून बाहेर पडतो, म्हणून ती कड चमकते. ते नको असेल तर तिथे चकचकीत ॲल्युमिनियमची टेप लावा, प्रकाश परत खाली येईल.

विजेसाठी 5 व्होल्टची यूएसबी पट्टी आणि मोबाइलचा चार्जर वापरा. घरच्या 230 व्होल्टच्या वायरिंगशी खेळ नको. रंग पिवळसर किंवा केशरी निवडा. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर पिवळं फॉस्फर (निळ्या प्रकाशाने स्वतः पिवळं उजळणारा थर) असतं, आणि शरीराचं घड्याळ सांभाळणाऱ्या डोळ्यातल्या पेशी 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. मुलांच्या खोलीत तर पांढरा, निळा टाळाच.

पाटी पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका. लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण साठलेला असतो, अल्कोहोल लागताच तिथे बारीक तडे जातात, आणि अशा दिव्यात तडासुद्धा चित्राइतकाच उजळून दिसतो. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरेसं आहे.