गाठ चिरून बघा

पेरून ३५-४० दिवस झालेलं सोयाबीनचं झाड वाफशावर (जमीन ओलसर पण चिकट नसताना) खुरप्याने मातीसकट काढा. नुसतं ओढलंत तर बघायचं तेच जमिनीत राहील. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. 'मुळाला रोग लागलाय, काय फवारू?' असं विचारणारं दरवर्षी कुणीतरी भेटतंच. सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या बारीक किड्याची) गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. ही मात्र बोटाने अलगद निघते. आता ती नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल!

हा रंग आपल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा, लेगहिमोग्लोबिनचा. झाडाला रक्त कशाला लागतं?

मूळ जेनिस्टीनसारखी रसायनं मातीत सोडतं. ब्रॅडीरायझोबियम जिवाणूंना ती खूण पटते आणि ते उलट निरोप धाडतात. तो मिळाला की मुळावरचा केस वाकून जिवाणूंना कवेत घेतो आणि त्यांना आत जायला वाट मिळते. गाठीत बसून ते नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात. कारखान्यात यासाठी ४०० अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. पण हा विकर ऑक्सिजन लागताच निकामी होतो. पंचाईत अशी की नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, निदान १६ रेणू खर्ची पडतात, आणि तेवढे बनवायला जिवाणूंना श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे ऑक्सिजन हवाही आणि नकोही. लेगहिमोग्लोबिन तो घट्ट धरून ठेवतं, मोकळा फिरू देत नाही आणि जिवाणूंना बेताबेताने पुरवतं. मला तरी शेतात याहून देखणं दुसरं काही दिसलेलं नाही.

खूण ज्याची त्यालाच पटते. हरभऱ्याचं रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) सोयाबीनला चालत नाही. मग 'कापूस, ऊस, सोयाबीन, सगळ्यांना एकच' म्हणून रायझोबियमची बाटली विकणाऱ्याला काय म्हणावं? कापसाच्या मुळाला गाठी येतच नाहीत. पिकाचं नाव बघून पाकीट घ्या. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, बुरशीनाशकाची प्रक्रिया झाल्यावर सगळ्यात शेवटी. बी सुकवायचं सावलीत. उन्हात जिवाणू मरतात. वर युरियाचा मारा केलात तर झाड गाठी धरायचंच टाळतं. आयतं मिळतंय, तर पाहुणे पोसायचे कशाला?

शेंगा भरत आल्या की याच गाठी आतून हिरवट होतात. मुका मार लागलेली जागा चार दिवसांनी हिरवट पडते ना, तसंच. लेगहिमोग्लोबिनमधलं लाल रंग देणारं हीम मोडायला लागलेलं असतं.